कार्डिनलच्या पिशवीतून आलेला हा उभा मासा कुठला? ओळखा प्लीज

पूर्वभाग_पावरलूम
नमस्कार मंडळी. वर्षभर इथं नुसतं वाचतोय, आज पहिल्यांदा धागा काढतोय, काय चुकलं तर सांभाळून घ्या.
तर झालं असं की रविवारी गावातल्याच एका दुकानातून पंधरा कार्डिनल टेट्रा आणले. सोलापुरात कार्डिनल मिळणं म्हणजे एक तर सणच, नाहीतर नेहमी गोल्डफिश, मॉली आणि ते रंग टोचलेले बिचारे काचमासे. घरी येऊन पिशवी तरंगत ठेवली आणि मोजले तर सोळा. सोळावा लाल-निळा नाहीच, कॉफीच्या रंगाचा, सव्वा इंच असेल, बारीक, आणि अंगावर आडवी काळपट रेघ. त्याचं वागणं बघून मी चक्रावलोय. बाकीचे आडवे पोहतात आणि हा डोकं वर शेपटी खाली करून तिरका उभाच. जवळजवळ पंचेचाळीस अंशात. तसाच उभ्याउभ्या पुढं सरकतो. आमची नानम्मा, म्हणजे आजी, दोन दिवस बघतीय, म्हणते ह्याला कुणीतरी छतावर काय ते दाखवलंय, सारखा वरच बघलालाय.
दुकानदाराला फोन केला तर म्हणाला पेंग्विन हाय तो, राहू दे, फ्री. मला काय ते पटेना.
टाकी अडीच फुटी, नव्वद लिटर धरा, सहा महिने जुनी. फोटो जोडलाय पण मोबाईल जुना आणि मासा हलता, त्यामुळं फोटोत मासा कमी आणि धुकं जास्त आहे.

सातरस्ता
फोटो बघितला. मला तर त्यात शेंगाचटणीचा डाग दिसलालाय. काच पुस बे आधी.

खवलेवाला
दुकानदार बरोबर आहे. पेंग्विन टेट्राच. मी दोन वर्षं पाळलेत, आठ होते. ते थांबले की शेपटीकडून खाली झुकतात आणि तिरके उभे राहतात, आणि काळी रेघ शेपटीच्या खालच्या अर्ध्या भागात वळते, हॉकी स्टिकसारखी. म्हणून त्याला हॉकी स्टिक टेट्रा पण म्हणतात. शास्त्रीय नाव थायेरिया बोहल्केई. धागा संपला, लॉक करा.

मीठसोडा
मला नाही वाटत एवढं सोपं आहे. डोकं वर शेपटी खाली ही सरळसरळ स्विम ब्लॅडरची लक्षणं आहेत. पोटातली हवेची पिशवी बिघडली की मासा असाच लटकतो. एक दिवस उपाशी ठेवा, वेगळ्या भांड्यात काढा, पाण्यात थोडं मीठ टाका. कार्डिनलना काय झालं तर नंतर रडू नका.

पूर्वभाग_पावरलूम
मीठसोडा दादा, आजारी वाटत नाही हो. खायला पुढंच असतो, बारीक दाणे टाकले की वर जाऊन टिपतो. आणि जाळीनं हलवलं तर सुर्रकन आडवा होऊन पळतो, लांब जाऊन पुन्हा उभा. म्हणजे आडवं पोहता येतंय त्याला, मनानंच उभा राहतो असं मला वाटतं.

बार्शीची_ताई
मग ते स्विम ब्लॅडर नाही. माझ्या गोल्डफिशला झालं होतं, तो बिचारा आडवं व्हायला धडपडायचा आणि होऊ शकायचा नाही. हा ठरवून उभा राहतो, ठरवून पळतो. मजेत दिसतोय.

निळा_डबा
घाई नको. पूर्वभाग, फोटो राहू दे, मी विचारतो तेवढं टाकीपाशी खुर्ची घेऊन बसून बघ आणि मग लिही. सगळ्यात आधी ती काळी रेघ कुठून सुरू होते ते बघ. कल्ल्याच्या झाकणाच्या मागून सुरू होते, का थेट तोंडाच्या टोकापासून निघून डोळ्यातून आरपार जाते? ह्या एका गोष्टीवर अर्धा निकाल लागेल. मग अंगाचा आकार. समोरच्या बाजूनं बघितलं तर चपटा आणि उंच आहे का पेन्सिलीसारखा गोल? तोंड केवढं? आणि शेपटीच्या दोन पाकळ्यांपैकी गडद कुठली, दोन्ही का एकच?
पाठीवरचा पर आणि शेपटी ह्यांच्यामधे अगदी बारका मांसल पर दिसतोय का तेही बघ, त्याला ॲडिपोज फिन म्हणतात, पण मला ज्याचा संशय आहे त्या गटात तो कधी असतो कधी नसतो, तेव्हा त्याच्यावर विसंबायचं नाही.
आणि हो, रात्री दिवा बंद झाल्यावर दोनेक तासांनी बॅटरी मारून एकदा बघ. का ते आत्ता नाही सांगत.

सातरस्ता
निळा डबा काकांनी सस्पेन्स टाकला. मी पॉपकॉर्न घेऊन बसलो. पॉपकॉर्न नाय, कडक भाकरी.

खवलेवाला
रेघ डोळ्यातून जाते का काय, एवढं कशाला? तिरका उभा राहतो आणि शेपटीची खालची पाकळी काळी, असे किती मासे असतात जगात?

निळा_डबा
मोजके आहेत खरे, पण एकच नाही.

पूर्वभाग_पावरलूम
काका तुम्ही सांगितलं तसं आज दुपारपाळीच्या आधी अर्धा तास बसलो. नानम्मा म्हणाली माशाची कुंडली मांडलालास का काय. तर ऐका.
रेघ तोंडाच्या अगदी टोकापासून निघते, डोळ्यातून जाते, मग पूर्ण अंगभर जाऊन शेपटीच्या खालच्या पाकळीत उतरते. खालची पाकळी गडद तपकिरी, वरची काचेसारखी पारदर्शक. त्यामुळं लांबून बघितलं तर शेपटी अर्धीच आहे असं वाटतं. अंग एकदम सडपातळ, गोल, खरंच पेन्सिलच. तोंड एवढुसं की सुईचं नेढं. बारका पर आहे असं वाटतंय पण शपथेवर नाही सांगणार.
रात्रीचं आज बघतो, पाळी सुटायला साडेबारा होतात.

खवलेवाला
तोंडापासून? मग माझं चुकलं. पेंग्विनचं डोकं रुपेरी कोरं असतं, रेघ कल्ल्यामागून निघते. अंगही उंच असतं. पण शेपटीचं माझं बरोबर होतं की नाही!

बार्शीची_ताई
अर्धे मार्क.

पूर्वभाग_पावरलूम
मंडळी, रात्रीचा एक वाजलाय आणि मला घाम फुटलाय. आत्ता कारखान्यातून आलो, मोबाईलची बॅटरी मारली, तर त्याची आडवी रेघ गायब!! पूर्ण फिकट झालीय आणि तिच्या जागी अंगावर मोठे मोठे काळपट डाग पडलेत, दोन-तीन तरी आहेत, तिरके. दुपारी ह्यातलं काही नव्हतं. कार्डिनलचे रंग पण उतरलेत, निळा पट्टा मेल्यासारखा. सगळ्यांना एकदम रोग झाला का काय? दुकान बंद, कुणाला विचारू? माझ्याकडं मेथिलीन ब्लू ह्या माशांच्या औषधाची बाटली आहे, टाकू का?

मीठसोडा
मी म्हणलो होतो. डाग म्हणजे व्हाईट स्पॉट असणार. लगेच मेथिलीन ब्लू टाक आणि हीटर लावून तीस डिग्रीला ने, परजीवीचं चक्र लवकर संपतं.

निळा_डबा
थांब!! बाटली खाली ठेव. काही टाकू नकोस. बॅटरी बंद कर आणि झोप. सकाळी दिवा लागला की अर्ध्या तासात रेघ परत येते का बघ आणि इथं लिही.
मीठसोडा, व्हाईट स्पॉट नावाप्रमाणं पांढरा असतो, मिठाचे किंवा रव्याचे कण अंगावर शिंपडल्यासारखा. ह्याचे डाग गडद आणि मोठे आहेत. शिवाय सोलापुरात ह्या दिवसांत हीटर लावून तीस डिग्री? तिथं पाणी थंड करायला माणसं धडपडतायत.

सातरस्ता
खरं हाय. आमच्याकडं हीटर लावायचा म्हणजे उन्हात उभं राहून कांबळं पांघरायचं.

पूर्वभाग_पावरलूम
काका तुमच्या पाया पडतो. सकाळी सातला दिवा लावला, चहा पिऊन येईपर्यंत रेघ जशीच्या तशी, डाग गायब, कार्डिनल पण निळेशार. हे काय गौडबंगाल आहे आता सांगाच.

निळा_डबा
सांगतो, आता खात्री झाली. तुझ्याकडं पेन्सिलफिश आला आहे. नॅनोस्टोमस कुळातला. हे मासे रात्री अंगाची नक्षी बदलतात. दिवसाची आडवी रेघ विरते आणि तिरके डाग किंवा पट्टे उमटतात, उजेड झाला की पुन्हा रेघ. पहिल्यांदा बघणारा प्रत्येक माणूस घाबरतो, मीही घाबरलो होतो, आणि मी तर औषध टाकून बसलो होतो, म्हणून तुला ओरडलो. कार्डिनल आणि निऑनसुद्धा अंधारात फिके पडतात, तेही नॉर्मल.
ह्या कुळातले बरेचसे मासे, म्हणजे बेकफोर्डी, मार्जिनेटस, ट्रायफॅसिएटस वगैरे, चारचौघांसारखे आडवेच पोहतात. डोकं वर करून तिरके राहणारे दोनच आपल्या दुकानांत येऊ शकतात, एक नॅनोस्टोमस इक्वेस आणि दुसरा नॅनोस्टोमस युनिफॅसिएटस. दोघांनाही ऑस्ट्रियाचा मासेतज्ज्ञ फ्रान्झ स्टाइनडाख्नर ह्यानं एकाच वर्षी, १८७६ साली नावं दिली. इक्वेस म्हणजे लॅटिनमधे घोडेस्वार. ही तिरकी ऐट एवढी वेगळी वाटली की मधे काही काळ त्यांना नॅनोब्रायकॉन असं स्वतंत्र कुळ दिलं होतं, त्यामुळं जुन्या पुस्तकात तसं नाव दिसलं तर गोंधळू नकोस.
उभं राहण्याचं कारण असं मानतात की हे पृष्ठभागाजवळ राहणारे, पाण्यावर पडलेला बारका किडा टिपणारे, पानाच्या खालून शेवाळ आणि जीवजंतू वेचणारे मासे, तोंड वर असलं की सोयीचं. आणि बुडालेल्या काटक्या-देठांमधे असा मासा स्थिर उभा राहिला तर काटकीच वाटतो.

शेवाळं
मस्त चाललाय धागा. माझ्या मते हा युनिफॅसिएटस. युनि म्हणजे एक, फॅसिया म्हणजे पट्टा, आणि धागाकर्त्याला एकच रेघ दिसलीय. अजून काय पाहिजे?

निळा_डबा
असं घाईनं नको. त्याला एक दिसली म्हणजे एकच आहे असं नाही, मोबाईलची अवस्था आपण सगळ्यांनी पाहिली आहे. इक्वेसला मधली रेघ ठळक असते पण तिच्या वर पाठीकडं अजून बारीक गडद रेघा असतात, खवल्यांच्या ओळीनं ठिपके जोडल्यासारख्या, आणि त्या बारकाईनं बघितल्याशिवाय दिसत नाहीत. युनिफॅसिएटसची पाठ मात्र साधी, फिकट तपकिरी, खरोखर एकच पट्टा. दुसरी खूण शेपटीत. युनिफॅसिएटसच्या खालच्या पाकळीत काळ्याबरोबर लाल-पांढरं काहीतरी असतं, डोळ्यासारखी नक्षी, आणि इक्वेसची खालची पाकळी सरळ गडद.

पूर्वभाग_पावरलूम
मावसभावाकडं मोबाईलला लावायची भिंग आहे, तो जॅकार्डच्या डिझाईनचे क्लोजअप काढतो त्याच्यानं. संध्याकाळी मागवतो.

अण्णा_अक्कलकोट
वाचतोय. माझं वय आता सत्तरीकडं, टाक्या सगळ्या वाटून टाकल्या, पण असला धागा दिसला की हात शिवशिवतात. दोन अवांतर गोष्टी सांगतो, विषय माशांच्या नावांचा निघालाच आहे म्हणून.
खवलेवाल्याच्या पेंग्विनचं थायेरिया हे नाव नॅथॅनिएल थायर ह्या अमेरिकन धनिकावरून आहे. १८६५-६६ साली लुई अगासीझ ब्राझीलला माशांच्या शोधात गेले, त्या मोहिमेचा खर्च ह्या थायरनं उचलला. विशीतला विल्यम जेम्सही त्या मोहिमेत मासे गोळा करायला होता, तोच जो पुढं मानसशास्त्रात मोठा झाला. म्हणजे दुकानदार ज्याला फुकट देतो त्या माशाच्या नावात एक सावकार बसलेला आहे.
दुसरी गोष्ट तुझ्या कार्डिनलची. ह्या माशाला १९५६ च्या फेब्रुवारीत दोन नावं मिळाली, एका दिवसाच्या अंतरानं. २० तारखेला शुल्ट्झनं हर्बर्ट ॲक्सलरॉडच्या नावावरून ॲक्सलरॉडी छापलं आणि २१ ला मायर्स आणि वाइट्झमन ह्यांचं कार्डिनॅलिस आलं. प्राणिशास्त्रात आधी छापलेलं नाव टिकतं, त्यामुळं एका दिवसानं ॲक्सलरॉडी जिंकलं, त्याच्यावर वाद झाला, निवाडा आंतरराष्ट्रीय मंडळापर्यंत गेला तरी नाव तेच राहिलं. ह्यातला वाइट्झमन म्हणजे तोच, ज्यानं पुढं पेन्सिलफिशचा सगळा गोतावळा तपासून मांडला, आणि खवलेवाल्याच्या पेंग्विनला बोहल्केई हे नाव १९५७ मधे त्यानंच दिलं. एका पिशवीत किती माणसं!

बार्शीची_ताई
अण्णा, तुम्ही रोज एक लिहा हो. अवांतर काय म्हणता, मुख्य तेच वाटतंय.

सातरस्ता
म्हणजे कार्डिनल एक दिवस उशिरा आला म्हणून नाव हुकलं. आमच्या नळाचं पाणी पाच दिवसाआड येतंय, आमची तर सगळीच नावं हुकणार.

शेवाळं
पाण्यावरून आठवलं, धागाकर्त्यानं पाण्याचं काही लिहिलं नाही. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, किती?

पूर्वभाग_पावरलूम
बोअरचं पाणी मीटरवर ११०० दाखवतं. नळाचं, म्हणजे कॉर्पोरेशनचं, त्याहून खूप कमी आहे पण ते साठवून ठेवायला लागतं आणि पिण्यातच संपतं. टाकीत मी अर्धं नळाचं अर्धं घरच्या आरओचं टाकलंय, टाकीचं मीटर २६० दाखवतं. मॉलीला मी बोअर घालायचो आणि त्या मस्त राहायच्या, म्हणून मला वाटलं सगळ्यांना चालतं.

शेवाळं
मॉलीला चालतं कारण मॉली जड पाण्यातलीच. ह्या बाकीच्यांना नाही. कार्डिनल आणि हा पेन्सिल, दोघं ब्राझीलमधल्या रिओ निग्रो नदीच्या बाजूला सापडतात. निग्रो म्हणजे काळी नदी, पाणी कोऱ्या चहासारखं असतं, जंगलातल्या पानांचा अर्क उतरून, आणि त्यात क्षार जवळजवळ नाहीतच, पीएच चार-पाचच्या आसपास. तेवढं तुला करायला नको, करू पण नकोस, पण आरओचं प्रमाण हळूहळू वाढव. एकदम बदलू नको, दर आठवड्याला एक बादली.
आणि देशी बदामाची वाळकी पानं टाक. शाळांच्या मैदानात असतात ती मोठी पानं, लाल होऊन पडलेली. धुऊन, चांगली वाळवून, एक-दोन टाक. पाणी चहासारखं होईल, घरचे म्हणतील पाणी घाण झालं, त्यांना सांग हेच त्याचं गाव.

बार्शीची_ताई
हो, पण फवारणी केलेल्या झाडाखालची नको. आणि रस्त्याकडेची धुळीची पण नको.

पूर्वभाग_पावरलूम
आमच्या जुन्या शाळेत बदाम आहे, शिपाईमामा ओळखीचे आहेत. उद्या जातो. आणि खायला काय घालू? एवढुशा तोंडात माझे दाणे मावत नसणार, मी बघितलं तर तो दाणा घेतो आणि अर्ध्या वेळा थुंकतो.

निळा_डबा
दाणे बोटात चुरून पीठ करून टाक. पण खरी मजा जिवंत खाण्यात. आर्टेमियाची (खाऱ्या पाण्यातली बारकी कोळंबी) नुकती फुटलेली पिल्लं, डॅफ्निया (पाणपिसवा), किंवा डासांच्या एकदम कोवळ्या अळ्या. मोठ्या अळ्या त्याच्या तोंडात मावणार नाहीत.

सातरस्ता
अळ्या? आमच्या गल्लीत दर पाच दिवसाला पाणी म्हणून घराघरात बॅरल. अळ्यांचा दुष्काळ नाय आपल्याकडं. फक्त मलेरियावाले आले की बॅरल पालथं करायला लावतात, त्यांना सांगू नको माशासाठी पाळल्यात म्हणून.

बार्शीची_ताई
चेष्टा बाजूला, अळ्या मुद्दाम वाढवू नका हो. डेंग्यूचा डास स्वच्छ साठवलेल्या पाण्यातच होतो आणि आठ-दहा दिवसांत अळीचा डास उडतो. आर्टेमियाची अंडी विकत मिळतात, मिठाच्या पाण्यात एक दिवसात फुटतात, ते करा.

अण्णा_अक्कलकोट
ताईंशी सहमत. आणि अवांतर नंबर तीन, हे मलेरियावाले हौदात आणि विहिरीत सोडतात ते गप्पी मासे, तेही दक्षिण अमेरिकेतलेच, व्हेनेझुएला, त्रिनिदाद त्या बाजूचे. म्हणजे आपल्या जिल्ह्यातल्या किती विहिरींत दक्षिण अमेरिकेचे पाहुणे पिढ्यान्‌पिढ्या राहतायत, फक्त त्यांना कुणी पाहुणा म्हणत नाही.

मीठसोडा
पाहुण्यांवरून आठवलं. उजनीत सकर मासा जाळ्यात येतोय, तोपण तिकडचाच, कुणीतरी टाकीतून सोडलेला. अंगावर चिलखत, जाळी फाडतो, खायला कुणी घेत नाही, आमच्या ओळखीचे एक जण मासेमारी करतात ते रोज शिव्या घालतात. तेव्हा धागाकर्ते, हा मासा कंटाळा आला म्हणून संभाजी तलावात नाहीतर सिद्धेश्वर तलावात सोडू नका, एवढीच विनंती. औषधाचं माझं चुकलं हे मान्य.

खवलेवाला
मीठसोडाचा हा प्रतिसाद फ्रेम करून ठेवा. आणि हा बिचारा एवढुसा मासा तलावात दोन मिनिटं टिकणार नाही, पहिला चिलापीच गिळेल. पण मुद्दा बरोबर आहे.

पूर्वभाग_पावरलूम
भिंग आली!! भाऊ रात्री टाकीसमोर पालथा पडून चाळीस फोटो काढून गेला, त्यातले तीन बरे आहेत, जोडलेत. आता तुम्हीच बघा. मधली जाड रेघ, तिच्या वर पाठीकडं तीन बारीक रेघा मला मोजता येतायत, सलग नाहीत, टिंबटिंब. शेपटीची खालची पाकळी सरसकट गडद तपकिरी, लाल-पांढरं काही नाही. बारका पर पण आहे, आता शपथेवर सांगतो.

निळा_डबा
इक्वेस. नॅनोस्टोमस इक्वेस. आता शंका नाही. तुझ्या भावाला माझ्याकडून चहा.

शेवाळं
मान्य. टिंबटिंब रेघा स्पष्ट आहेत. पण एक शंका, घाबरलेल्या युनिफॅसिएटसचा लाल रंग उतरून शेपटी अशीच दिसली तर?

निळा_डबा
रंग उतरू शकतो, पण पाठीवरच्या टिंबांच्या ओळी कुठून येणार? घाबरल्यावर असलेलं जाईल, नसलेलं येणार नाही. रात्रीचे डाग वेगळे, ते दिवसा नसतात. फोटो दिवा चालू असतानाचे आहेत, मधली रेघ शाबूत आहे, म्हणजे मासा दिवसाच्या कपड्यात आहे.

शेवाळं
दिवसाच्या कपड्यात! हरलो.

पूर्वभाग_पावरलूम
पण हा माझ्या पिशवीत आला कसा? दुकानदार म्हणतो माल मद्रास मेलनं येतो, त्याच्याकडं पेन्सिल नावाचा मासा त्यानं कधी मागवलाच नाही.

निळा_डबा
कार्डिनल आता बंदिस्तातही पैदास होतात, पण अजून पुष्कळ माल नदीतून पकडलेला असतो. ब्राझीलमधे बार्सेलोस नावाचं गाव आहे रिओ निग्रोवर, तिथली कितीतरी कुटुंबं ह्याच धंद्यावर. छोट्या होडीतून जातात आणि पुरात बुडालेल्या जंगलात जाळी आणि सापळे लावतात. ह्या पकडणाऱ्यांना तिकडं पियाबेरो म्हणतात. जाळ्यात कार्डिनलबरोबर शेजारीपाजारी येतातच, पुढं निवडताना बहुतेक काढले जातात, एखादा राहतो. तुझे पंधरा नदीतले असावेत असं ह्या सोळाव्यावरून वाटतं. पैदास केंद्रातल्या हौदात इक्वेस घुसायचं कारण नाही.
तिथून कुठल्यातरी मोठ्या विमानतळावर, तिथून चेन्नई, कोळत्तूरच्या होलसेलवाल्यांकडं, आणि तिथून रेल्वेनं तुमच्याकडं. मुंबई-चेन्नई लाईनवर बसलेलं गाव आहे, नशीब.

सातरस्ता
ॲमेझॉनचं पार्सल म्हणायचं की मग.

बार्शीची_ताई
हा विनोद कुणीतरी करणारच होतं, मी दहा प्रतिसाद वाट बघत होते.

पूर्वभाग_पावरलूम
आता एक मनातलं विचारतो. हा एकटा आहे. कार्डिनल त्यांच्या त्यांच्यात फिरतात, हा वरच्या कोपऱ्यात उभा. नानम्मा म्हणते त्याचं कुणी नाही इथं. ते ऐकल्यापासून मला पण तसंच वाटायला लागलंय.

निळा_डबा
नानम्मा बरोबर आहेत. घोळक्यातला मासा आहे, सहा-आठ तरी हवेत. एकटा मरणार नाही पण दबून राहील. सध्या वर तरंगती झाडं सोड, मुळं खाली लोंबतात त्यात त्याला आडोसा मिळेल. फिल्टरचा झोत कमी कर, त्याला वाहतं पाणी आवडत नाही. आणि झाकण! दचकला की उडी मारतो, सकाळी फरशीवर सापडेल.
उन्हाळ्याचं बघ. २४ ते २८ ठीक, तुमच्याकडं मे महिन्यात टाकीचं पाणी ३४ ला जातं असं मागे इथंच कुणीतरी लिहिलं होतं. झाकणाच्या जागी बारीक जाळी आणि तिच्यावरून टेबलफॅन, तेवढ्यानं दोन-तीन डिग्री उतरतं. पाणी उडतं तेवढं आरओचं भरत जा, बोअरचं भरलंस तर क्षार साठत जातील.

खवलेवाला
आणि तुमच्याकडचा जाड टर्किश टॉवेल ओला करून टाकीच्या तीन बाजूंना गुंडाळा. मी नागपुरात हेच करतो आणि टॉवेल सोलापूरचाच आहे.

पूर्वभाग_पावरलूम
टॉवेलची काळजी नको, घरात तेवढंच आहे.

अण्णा_अक्कलकोट
पिल्लांचं कुणी विचारलं नाही म्हणून सांगतो. नर-मादी मिळाले तर हे पानांच्या खाली अंडी घालतात आणि मग स्वतःच शोधून खातात. आईबापपण शून्य. पिल्लं इतकी बारीक की आर्टेमियासुद्धा त्यांना पहिले दिवस मोठा पडतो. मी एकदा दुसऱ्या पेन्सिलची, बेकफोर्डीची, अकरा वाढवली होती. बायकोनं तेव्हा पंधरा दिवस माझ्याशी बोलणं टाकलं होतं, स्वयंपाकघरातली सगळी पातेली माझ्या ताब्यात होती.

पूर्वभाग_पावरलूम
तीन आठवड्यांनी परत येतोय, उशीर झाला, लग्नसराईच्या चादरींची ऑर्डर होती, तीन पाळ्या चालल्या.
बदामाची पानं टाकली, पाणी चहा झालं, आई म्हणाली हे काय गटार केलंस, दोन दिवसांनी तीच पाहुण्यांना दाखवत होती. टीडीएस आता १४०. सगळे जिवंत आहेत. घोडेस्वार पानाच्या देठाला चिकटून उभा राहतो, मला स्वतःला शोधायला मिनिट लागतं. रात्री पाळीवरून आलो की एकदा हळूच बॅटरी मारून डाग बघतो, आता घाम फुटत नाही.
आणि खरी बातमी. परवा त्याच दुकानात गेलो. कार्डिनलच्या काचेत नवीन माल आला होता, आणि मागच्या कोपऱ्यात पाईपला लागून पाच काटक्या उभ्या. मी काही बोललो नाही. दुकानदारालाच म्हणलं, हे काय ओ, आजारी दिसलालेत. तो म्हणाला, हां हो, ह्यावेळी पेंग्विन कमजोर निघाले, सगळे असेच उभे राहतात, तुम्हाला पाहिजे तर पन्नासला पाचही घेऊन जा, मेले तर माझी गॅरंटी नाही.
आता सहा आहेत. नानम्मा म्हणते घरात भजनी मंडळ आलंय.

निळा_डबा
अरे वा! अभिनंदन. आणि तुला थोडीशी लाजही वाटली पाहिजे.

पूर्वभाग_पावरलूम
वाटली काका. म्हणून परत जाऊन त्याला पेन्सिलफिश नाव, फोटो सगळं दाखवलं. तो म्हणाला बरं झालं सांगितलं, पुढच्या वेळी दोनशेला एक लावतो.

सातरस्ता
दुकान कुठलं बे? पत्ता टाक की.

पूर्वभाग_पावरलूम
नाय सांगणार. अजून दोन पाहिजेत मला.